पहिली सोळा पानं

उदगीरात नवी पुस्तकं म्हणजे
गाइड, अपेक्षित आणि तलाठी भरतीचे संच.
बाकीची किलोवर.
मोंढ्याच्या मागं कैसरभाईचं गोदाम,
वह्या बारा रुपये, पेपर चौदा,
"और ये तुम्हारा माल,"
म्हणत तो कोपऱ्यातलं पोतं पायानं पुढं सारतो.
त्यातून काय निघेल, नेम नाही.
एकदा निघालं मधमाशीपालन,
एकदा कुणा मेलेल्या मास्तराचं कपाटच्या कपाट,
पानोपानी समासात पेन्सिलीनं
"खोटं!" "साफ खोटं!" लिहिलेलं.
आम्ही पुस्तकं बाजूला ठेवून आधी मास्तर वाचला.

आम्ही म्हणजे चौघं.
मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर,
हाताला फिनेलचा वास,
म्हणून पानं उलटायचं काम मला देत नाहीत.
चाँदपाशा टेलरला मराठी वाचता येत नाही,
ऐकता येते,
आणि ऐकलेलं तो विसरत नाही, कुणाच्या छातीच्या मापासारखं.
वाचतात त्या बिरादार नर्सबाई,
सलाईनच्या चालीनं, थेंब थेंब, न घाई न चूक.
आणि शिवकांता, वय बावीस,
घरी सांगून येते की क्लासला चालले.

अमावस्येला मोंढा बंद.
चाँदपाशाचं शटर गुडघ्यापर्यंत खाली,
आत इस्त्रीच्या टेबलाभोवती आम्ही.

मागच्या दिवाळीत पोत्यात एक कादंबरी सापडली.
कव्हर नाही, नाव नाही,
पहिली सोळा पानं नाहीत.
सतराव्या पानावर एकदम
"म्हणून तिनं कंदील विझवला नाही."

म्हणून म्हणजे कशामुळं?

पुढं पुस्तक चांगलं होतं, दोनशे पानं होती,
माणसं होती, एक नदी होती, तिचं पाणी कोर्टात गेलेलं.
पण तीन अमावस्या आम्ही त्या एका "म्हणून"वर काढल्या.
नर्सबाई म्हणाल्या, कुणाचे तरी दिवस भरले असतील.
चाँदपाशा म्हणाला, नई बाई, काम अधूरा होगा,
काज राहिले असतील, आणि उद्या लग्न.
मी म्हणालो, गाय अडली असंल.
हसले सगळे.
पण नाही कुणी म्हणालं नाही.
शिवकांता लई वेळ गप्प होती,
मग म्हणाली, वाचायलाली असंल.
घरचे झोपायची वाट बघून बघून
आत्ताच कुठं बसली असंल.

ज्येष्ठात नर्सबाई ट्रेनिंगला लातूरला गेल्या.
गंजगोलाईच्या फुटपाथवर
तेच पुस्तक, अख्खं.
ऐंशी रुपये.
पेपरात गुंडाळून आणलं, टेबलावर ठेवलं.
इस्त्री विस्तवासकट थंड होत गेली,
सुतळी कुणी सोडली नाही.
"इसमें मेरा काज है क्या, नई?" चाँदपाशानं विचारलं.
"मला काय माहीत," नर्सबाई म्हणाल्या,
"दोन तास मांडीवर होतं. वळूनसुद्धा बघितलं नाही."

श्रावण गेला. पुडकं फळीवर,
अस्तराच्या ताग्यांमागं.

भाद्रपदात शिवकांताचा निकाल लागला.
पोरगी खरंच अभ्यास करायची, आम्हालाच पत्ता नव्हता.
नेमणूक किनवटकडं.
निघताना आम्ही तिला पेन दिला,
चाँदपाशानं दोन ड्रेस, शिलाई न घेता,
आणि ती म्हणाली, ते पुडकं द्या.
वाचते. पण सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी नर्सबाईंच्या फोनवर निरोप,
"वाचली सोळा पानं.
इथं भांडायला कुणी नाही."

एवढंच.

आता आम्ही तिघं कैसरभाईकडं जातो
तेव्हा पोतं सगळं पालथं करतो.
एकाच पुस्तकाच्या दोन प्रती पाहिजेत,
एक इथं, एक किनवटला.
कैसरभाई कपाळाला हात लावतो,
रद्दीत जोडी कुठं मिळती का, मियाँ?
मिळंल की.
सुरुवात नसली तरी चालंल.
फक्त दोन्हीतली
सारखीच पानं गळालेली असावीत.